घाटमाथ्यावरची दाताची खुर्ची

घाट चढायला गाडीला रिव्हर्स लागत नाही, असं मला एका पाववाल्यानं सांगितलं आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. पाववाल्यावर पावाच्या ताजेपणापुरताच विश्वास ठेवावा, तोही पाव दाबून बघून, हे शहाणपण मला फार उशिरा, म्हणजे समुद्रसपाटीपासून बरंच वर गेल्यावर आलं. आता सगळं निभावलंय. मी घरी आहे, पंखा चालू आहे आणि पायाखालची जमीन सपाट आहे, म्हणून सांगतो. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. दरीची खोली तेवढी माझ्या सांगण्यात दर खेपेला थोडी वाढते, पण तिथली माती खचतच असते, तेव्हा त्यातही मी फार चुकत नसेन.

झालं असं. आमची लेक दातांची डॉक्टर. तिची आईही दातांचीच डॉक्टर, नुकतीच निवृत्त झालेली. (घरात दोन दातांच्या डॉक्टर असलेल्या माणसानं हसावं कसं, असं लोक विचारतात. ओठ मिटून.) लेकीनं डोंगरापलीकडच्या गावात दवाखाना थाटला. रंग झाला, पाटी लागली, आणि शुक्रवारी दुपारी आरोग्य खात्याचे तपासनीस पाहणीला येणार असं ठरलं. बुधवारी तिचा फोन आला.

"आई, नवी खुर्ची गोदामातच अडकलीय गं. शुक्रवारपर्यंत मिळत नाही म्हणतात. खुर्चीशिवाय पाहणी होत नाही, पाहणीशिवाय परवानगी नाही, आणि ही वेळ हुकली की पुढची थेट पुढच्या वर्षी! मी काय वर्षभर नुसती पाटी पुसत बसू?"

पोरगी रडत नव्हती. पण रडू नये म्हणून ती जे करते ते करत होती, म्हणजे फार भराभर बोलत होती.

"एवढंच ना?" तिची आई म्हणाली. "माझी खुर्ची आहे की घरात."

मी इकडंतिकडं पाहिलं. मग लक्षात आलं, त्या खुर्चीत मीच बसलो होतो.

बायकोनं दवाखाना बंद केला तेव्हा बाकी सामान गेलं, खुर्ची मात्र आमच्या बैठकीच्या खोलीत आली. अस्सल लोखंडी, हिरव्या गादीची, गोल फिरणारी, पायानं पंप दाबला की वर जाणारी आणि कळ सोडली की सूंऽऽ करत खाली येणारी. मी तीत बसून पेपर वाचायचो. राजकारणाच्या बातम्या खाली बसून, आणि निधनवार्ता पार वर जाऊन, म्हणजे जाणाऱ्यांच्या जरा जवळ. घरात दुसऱ्या कुठल्याही वस्तूनं मला इतका मान दिलेला नाही. एकच पथ्य मी कडक पाळलं होतं: त्या खुर्चीत बसून तोंड उघडायचं नाही. कारण माझी खालची उजवी दाढ वर्षभर ठणकत होती आणि बायकोला त्याचा सुगावा लागू द्यायचा नव्हता. गावाला तिच्या हाताचं कौतुक. पण गावानं तिच्या कपाटातली, काढलेल्या दातांची बरणी पाहिलेली नाही. मी पाहिली आहे.

"अगं, पण ही घाटातून नेणार कोण?" मी विचारलं.

"उठा बघू आधी तिच्यातून," बायको म्हणाली. त्यातच उत्तर आलं.

बातमी जिन्यानं वरखाली झाली आणि सल्ले यायला लागले. तिकडं जाणारा हमरस्ता म्हणजे नुसता डोंगरच डोंगर. एक उतरून होतो तोवर दुसरा पुढ्यात उभा. खालच्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, "कानात कापूस घालून चढा आणि माथ्यावर गेल्यावर काढा, म्हणजे हवा एकदम आत शिरत नाही." समोरच्या काकूंचं म्हणणं, वळण आलं की श्वास रोखायचा आणि संपलं की सोडायचा. "आणि वळण लांबलचक असलं तर?" मी विचारलं. "मग गाडी जोरात हाणायची," काकू म्हणाल्या. शेजारच्या विमावाल्यांनी काहीच सल्ला दिला नाही. ते नुसते माझा हात हातात घेऊन उभे राहिले आणि जाताना हळूच म्हणाले, "वारस लावलाय ना?"

त्यातच मेव्हणा हजर झाला. त्याला आम्ही 'नकाशा' म्हणतो. कुठल्याही रस्त्याचा विषय काढा, त्याला त्याहून जवळचा रस्ता माहीत असतो. त्यातले काही अजून बांधून व्हायचे आहेत.

"भावोजी, मी बरोबर असल्यावर तुम्ही फक्त चाक धरायचं," तो म्हणाला. इतका धीर मला विमावाल्यांच्याही बोलण्यानं आला नव्हता, आणि त्यांच्या बोलण्यानं धीर आला नव्हताच.

राहता राहिली गाडी. ट्रकवाले त्या घाटाचं नाव काढताच दुसरीकडं बघायला लागले. शेवटी कोपऱ्यावरचा पाववाला त्याची लहानशी उघडी गाडी द्यायला तयार झाला. गाडी चांगली होती. दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत 'गरम पाव', आणि हॉर्न दाबला की सकाळी गल्लीत ऐकू येते ती पिपाणीसारखी धून.

"इंजिन एक नंबर," पाववाला म्हणाला. "मागं जायला होत नाही, एवढंच."

"एवढंच?"

"काका, आमच्या बेकरीला दोन फाटकं. एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. मी गाडी घेतल्यापासून रिव्हर्स टाकलेलाच नाही, तो आतल्या आत गंजून गेला. आणि घाटात मागं कोण जातंय? घाट म्हणजे पुढंच."

त्याच्या बोलण्यात मला काही खोट दिसली नाही. दोन फाटकांच्या बेकरीत उभं राहून कुणालाही दिसली नसती.

शुक्रवारी उजाडताच निघालो. खुर्ची मागच्या उघड्या भागात उभी करून करकचून बांधली. बायको माझ्या शेजारी, मांडीवर तिची बॅग. तीत लेकीच्या दवाखान्यासाठी घेतलेली नवी हत्यारं, भुलीची इंजेक्शनं, कापूस. नकाशा मागं मोकळ्या हवेत बसला.

घाटाच्या पायथ्याशी नाका लागला. नाकेदार गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"काय आहे हे?"

"खुर्ची."

"ते दिसतंय. माल आहे का आसन?"

मी म्हटलं, साहेब, खुर्ची ती खुर्ची. त्यावर त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि लहान मुलाला समजावतात तसं सांगितलं, "रिकामी असेल तर माल. मालाला आजोबा, मालवाहतुकीचा परवाना लागतो. तो आहे?"

नव्हता. पाववाल्याकडं फक्त पावाचा होता. आजोबा म्हटलेलं मी गिळलं, कारण रांग मागं वाढत होती.

"माणूस बसला तर आसन. आसनाला परवाना लागत नाही. पण आसनाला पट्टा लागतो."

आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग दोघांनी नकाशाकडं पाहिलं. घरून आणलेली कपडे वाळत घालायची दोरी निघाली आणि नाकेदाराच्या देखरेखीखाली नकाशाला खुर्चीत बसवून छातीशी, कमरेशी आणि पायांशी बांधण्यात आलं. गाठी नाकेदारानं स्वतः मारल्या. त्याचे वडील म्हणे गलबतावर होते.

"ताई, जरा सैल कर गं," नकाशा म्हणाला.

"नियम आहे," त्याची ताई म्हणाली.

खुर्ची बांधताना तिचं तोंड मागच्या बाजूला झालं होतं. त्यामुळं नकाशाला पुढचा रस्ता दिसत नव्हता, फक्त होऊन गेलेला दिसत होता. म्हणून त्यानं काम सोडलं असं नाही. आम्ही एखादं जीवघेणं वळण घेऊन, घाम पुसून, सरळ रस्त्याला लागलो की मागून आरोळी यायची, "वळण आलं, भावोजी! सांभाळून!" मी दर वेळी दचकायचो, आणि गाडी दर वेळी दरीकडं वीतभर सरकायची.

रस्ता सुंदर होता म्हणतात. मला तो फुटाफुटानं दिसला. एका अंगाला कडा, एका अंगाला काहीच नाही. त्या काहीच नाहीच्या तळाशी एक नदी होती, पांढऱ्या दोऱ्यासारखी. मी एकदाच पाहिली आणि मग बायकोला सांगितलं, तूच बघ आणि नंतर मला सांग. त्यात वळणावर हॉर्न द्या अशा पाट्या. हॉर्न दिला की आमची पिपाणी वाजायची, आणि त्या आवाजासरशी कुठल्या कुठल्या झाडीतून, उतारावरून, घरांच्या पडवीतून माणसं पिशव्या घेऊन पाव घ्यायला पळत यायची. त्यांना पावाऐवजी खुर्चीला बांधलेला एक माणूस दिसायचा. एक म्हातारी बराच वेळ नकाशाकडं पाहत राहिली आणि मला म्हणाली, "सोड रे बाबा त्याला. काय केलं असेल ते केलं असेल."

दुपार कलायला लागली. बायको सारखं घड्याळ पाहत होती. "पोहोचू ना हो?" ती म्हणाली. ती असं विचारत नाही, ती सांगते. तिनं विचारलं म्हणजे वेळ खरोखरच कमी होता.

माथ्याच्या अलीकडं रस्ता अर्धा खचला होता. उरलेल्या अर्ध्यातून एका वेळी एकच गाडी जाऊ शकत होती. दोन्ही टोकांना एकेक निशाणवाला असायचा, लाल आणि हिरवं निशाण घेऊन. त्या दिवशी या टोकाला कुणी नव्हतं. नसलं तर मोकळं असेल, असा हिशेब करून मी शिरलो. मध्यावर पोचलो तर दोघेही निशाणवाले एका दगडाच्या सावलीत आपापले डबे उघडून एकत्र जेवायला बसलेले. ते म्हणाले, "काका, तुम्ही कसे आलात?" मी म्हणालो, "तुम्ही कसे आलात?" आणि या चर्चेत असतानाच समोरच्या वळणावरून एक ट्रक आला आणि आमच्या नाकाला नाक लावून थांबला.

नियम स्पष्ट आहे. चढणाऱ्याला आधी वाट, उतरणाऱ्यानं मागं सरकायचं. नियम माझ्या बाजूनं असण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ, तेव्हा मी जरा रुबाबातच हात हलवला. ट्रक हलला नाही. एव्हाना आमच्या मागं एक बस येऊन चिकटली होती, बसमागं मोटारी, मोटारींमागं आणखी काही. मी उतरून ट्रककडं गेलो.

आतला ट्रकवाला दांडगा होता. पण त्याच्या डोक्याला आणि हनुवटीला मिळून एक फडकं बांधलेलं, आणि उजवा गाल असा सुजलेला की त्या बाजूचा डोळा त्याच्या मागं लपला होता.

"मागं घ्या की," मी म्हटलं.

"तुम्ही घ्या," तो दात न उघडता म्हणाला.

"आमच्या गाडीला मागं जायला होत नाही."

"माझ्या मानेला मागं जायला होत नाही," तो म्हणाला. "मान वळली की इथून कानापर्यंत कळ जाते. आरसा कालच गेला. मागं न बघता ट्रक मागं घेऊ? दरी बघितलीत?"

मी एकदा पाहिली होती. मी परत आलो.

मग लोक जमले. बसमधले उतरले, मोटारीतले उतरले. कुणी म्हणालं पावगाडी उचलून बाजूला ठेवा. बाजू कुठं आहे ते त्यानं नंतर पाहिलं. कुणी म्हणालं ट्रकवाल्याला खाली उतरवा, मी मागं घेतो. त्यावर ट्रकवाला म्हणाला, ट्रक माझ्या मुलासारखा आहे, आणि ज्यानं मागितला त्याच्याकडं असं पाहिलं की तो गृहस्थ बसमध्ये जाऊन बसला. कुणी तरी माझ्याकडं बोट दाखवून म्हणालं, "ह्या पाववाल्याला अक्कल नाही!" मी आयुष्यभर कचेरीत टेबलावर पाटी असलेला माणूस. पण गाडीवर 'गरम पाव' लिहिलेलं असताना वाद घालून उपयोग नव्हता.

लेकीचा चेहरा मला दिसत होता. रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी, आणि समोर तपासनीस.

एवढ्यात बायको गाडीतून उतरली, बॅग घेऊन. गर्दीतून सरळ ट्रकपाशी गेली आणि वर बघून म्हणाली, "किती दिवस?"

"काय किती दिवस?"

"गाल. साखरेचा त्रास आहे? रक्तदाब? कुठल्या औषधानं अंगावर पुरळ आलंय कधी? नाही? मग उतरा खाली."

"कशाला?" ट्रकवाल्याचा आवाज एकदम लहान झाला.

"तुमची दाढ रस्त्यात आहे," बायको म्हणाली.

पुढचं मी जसं घडलं तसं सांगतो. नकाशाला सोडवायला गेलो तर नाकेदाराच्या गाठी सुटेनात. शेवटी एका निशाणवाल्याच्या सुरीनं दोरी कापावी लागली. तो उठला तेव्हाही खुर्चीच्याच आकारात होता. ट्रकमधला स्टोव्ह निघाला, त्यावर पातेलं चढलं, हत्यारं उकळायला लागली. बायकोनं खुर्ची गर्रकन फिरवून तिचं तोंड चढाकडं केलं, आणि काय सांगू, घाटाचा उतार असा नेमका की खुर्ची आपोआप हवी तेवढी मागं कलली. तिच्या दवाखान्यात त्यासाठी पाठीची कळ दहा वेळा फिरवावी लागायची. ट्रकवाला चढून बसला. खाली माणसांचा हा गोतावळा, निशाणवाले अर्धा घास हातात धरून उभे, आणि नकाशा विजेरी धरून.

"उजवीकडं धर. तुझी उजवी नव्हे, त्यांची," बायको म्हणाली. नकाशाला दिशा सांगायची तिची जुनी हौस त्या दिवशी फिटली.

इंजेक्शन दिलं तेव्हा ट्रकवाल्यानं माझा हात धरला. मी त्याच्या शेजारी का उभा होतो, ते मला अजून कळलेलं नाही. त्याच्या दाढेला चिमटा लागला आणि माझ्या दाढेत कळ आली. मी नकळत गालावर हात ठेवला. बायकोनं काम न थांबवता एकदा माझ्याकडं पाहिलं.

"तुम्हाला काय झालं?"

"मला? छे. मला कुठं काय?"

मग एक कर्रर्र आवाज झाला. डोंगरातून त्याचा प्रतिध्वनी आला, असं मी सांगतो. नकाशा म्हणतो, तो बसचा ब्रेक होता. बायकोनं चिमटा उंच धरला. टोकाला ट्रकवाल्याची दाढ. अख्ख्या घाटानं सोडलेला सुस्कारा मी कानांनी ऐकला. ट्रकवाला बराच वेळ निपचित पडून होता. मग त्यानं डोळे उघडले, आणि हळूहळू, घाबरत घाबरत, मान उजवीकडं वळवली. मग डावीकडं. मग पार मागं.

"मावशी," तो म्हणाला, आणि त्याचा डोळा भरून आला. दुसरा अजून सुजलेला होता.

"बोलायचं नाही. ही कापसाची बोळी दाताखाली दाबून धरा. निजेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, बोललात तर रक्त येईल," बायकोनं बजावलं. हे ती प्रत्येक रोग्याला सांगते. तिच्या हातून दात काढलेल्या माणसाच्या घरी त्या दिवशी इतकी शांतता असायची की लोक तिला दुवा द्यायचे, विशेषतः त्यांच्या बायका.

आता ट्रकनं मागं सरकायचं आणि आम्ही निघायचं. पण नाही! बसचा कंडक्टर खुर्चीत चढून बसला. "बाई, ही हलतेय बघा." त्याच्यामागं एक निशाणवाला, त्याच्यामागं दोन मोटारवाले, आणि मघाशी माझी अक्कल काढणारा गृहस्थ आता मला म्हणत होता, "काका, जरा नंबर लावा ना आमचा, तुम्ही घरचे." ट्रक मागं गेला, रस्ता मोकळा झाला, सगळं मोकळं झालं, आणि कुणी हलेना!

"अगं, लेक!" मी ओरडलो.

"हा एकच," असं म्हणत तिनं कंडक्टरचा हलणारा दात दोन बोटांनी काढला.

तेवढ्यात बसमधून एक किडकिडीत गृहस्थ आला. काखेत फाईल, खिशाला दोन पेनं. गर्दी बाजूला सारत म्हणाला, "हे काय चाललंय? सार्वजनिक रस्त्यावर दवाखाना? कुणाची परवानगी? जागेची तपासणी झाली? हात धुवायची सोय? रोग्यांना बसायची जागा? नाव काय तुमचं, बाई?"

प्रश्न पुष्कळ होते. पण बायको त्याच्या प्रश्नांकडं नाही, तोंडाकडं बघत होती. "प"चा उच्चार आला की तो डावा गाल आत ओढायचा.

"वरची डावी," ती म्हणाली. "गार पाणी प्यायलं की झिणझिणतं. आता गरमही चालत नाही. डाव्या कुशीवर झोपता येत नाही."

गृहस्थाची फाईल हळूहळू खाली आली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"बसा."

"मी कामावर आहे."

"म्हणून तर म्हणते, बसा. वेळ नाही मला."

तो बसला. खरंच वेळ लागला नाही. उठला तेव्हा तोंडात बोळी, डोळ्यांत पाणी, आणि चेहऱ्यावर तोंडातला जुना भाडेकरू गेल्याचं समाधान. काही तरी विचारायला त्यानं तोंड उघडलं, तर बायको म्हणाली, "निजेपर्यंत एक शब्द नाही!" त्यानं तोंड मिटलं. उरलेल्यांना तिनं लेकीच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला, "उद्या सकाळी तिथं या," आणि आम्ही निघालो. ट्रकवाला त्याच्या जागी थांबून, मान बाहेर काढून, आम्ही दिसेनासे होईपर्यंत मागं वळून बघत होता. गरज नव्हती. नुसती हौस.

माथा ओलांडला, तसा मी कानातला कापूस काढला. पलीकडचे डोंगर उतरताना मी काकूंचा सल्लाही पाळला, श्वास न घेता गाडी हाणली. तरी गावात पोचलो तेव्हा उन्हं पार तिरपी झाली होती. लेकीचा दवाखाना एका अरुंद गल्लीच्या टोकाला. ती पायरीवर बसली होती. आम्हाला पाहिल्यावरही उठली नाही.

"येऊन गेले?" बायकोनं विचारलं.

"नाही आले," लेक म्हणाली. "दुपारपासून वाट बघतेय. येणारच नाहीत बहुतेक. मग पुढच्या वर्षीच." आणि आता ती हळूहळू बोलत होती.

"आले नाहीत ना? मग उठ. हात लाव," तिची आई म्हणाली.

खुर्ची आत नेताना आम्हा चौघांचे जे हाल झाले ते जाऊ द्या. खोलीच्या मधोमध ती टेकली, बायकोनं फडक्यानं पुसली, आणि लेकीनं पंप दाबून एकदा वर केली, एकदा खाली. सूंऽऽ. एवढ्यात दारात पावलं वाजली.

किडकिडीत गृहस्थ. काखेत फाईल, खिशाला दोन पेनं, गालात बोळी.

मी भिंतीला टेकलो. नकाशा दाराच्या दिशेनं सरकला. दारांची दिशा त्याला बरोबर कळते. गृहस्थानं माझ्या बायकोकडं पाहिलं. खुर्चीकडं पाहिलं. पुन्हा बायकोकडं. त्याच्या डोळ्यांत पन्नासएक प्रश्न गोळा झालेले मला स्पष्ट दिसत होते. त्यानं ओठ हलवले.

"अं हं!" बायकोनं बोट वर केलं.

त्यानं ओठ मिटले. आणि ती सरकारी पाहणी जशी निमूट झाली, तशी कुणाचीही झाली नसेल. तो हात धुवायच्या नळापाशी गेला, नळ सोडून पाहिला, मान डोलावली. बाकावर बसून पाहिलं, मान डोलावली. खुर्चीभोवती फिरला, उतारावर ठेवल्यावर ती किती सुखाची होते हे त्याच्याहून जास्त कुणाला माहीत! शेवटी त्यानं रिकाम्या खुर्चीकडं बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या.

"रोगी बसवून दाखवा म्हणतात," लेक कुजबुजली.

सगळ्यांनी नकाशाकडं पाहिलं. "या खुर्चीत माझं जन्माचं बसून झालंय," तो म्हणाला. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

वर्षभर मी ज्या खुर्चीत तोंड मिटून राजासारखा बसलो, तिच्यात बसायला मला त्या दिवशी पायरी सापडेना. पण लेकीचे डोळे माझ्यावर होते, आणि तिची सगळी पाटी, सगळा रंग, सगळं वर्ष माझ्या जबड्यात येऊन थांबलं होतं.

"आ करा, बाबा."

मी आ केला. ती वाकली. 

"आई," ती हळूच म्हणाली, "खालची उजवी..."

"माहीत आहे," बायको म्हणाली. "वर्षभर डाव्या बाजूनं चावतायत. मी वाट बघत होते, तोंड कधी उघडतात."

लेकीचा हात, खरं सांगतो, आईपेक्षाही हलका. मला कळलंच नाही. वर्षभराचा ठणका एका चिमट्यात गेला, आणि त्याच्या जागी इतकी शांतता आली की मी तिथंच झोपलो असतो. शिक्का मारल्याचा ठक् आवाज ऐकला तेव्हा डोळे उघडले. तपासनीसांनी कागद लेकीच्या हातात दिला, बायकोला वाकून नमस्कार केला आणि जाताना माझ्या खुर्चीपाशी थांबले. त्यांच्या डाव्या गालात बोळी, माझ्या उजव्या गालात बोळी. बोलायची दोघांनाही बंदी. आम्ही नुसते एकमेकांशी हात मिळवले. इतका जवळचा माणूस मला नात्यातही भेटलेला नाही.

पुढच्या आठवड्यात ट्रकवाला जखम दाखवायला लेकीकडं आला आणि परतीला आम्हा तिघांना ट्रकमधून घरी घेऊन आला. दर वळणावर तो मान पार मागं फिरवून म्हणायचा, "बघा काका, वळते!" आणि मी म्हणायचो, पुढं बघ रे, बाबा, पुढं बघ.

घरी पोचलो तर फाटकाशीच पाववाला उभा.

"काका, माझी गाडी?"

"एकदम सुखरूप आहे," मी म्हणालो. "ओरखडासुद्धा नाही. डोंगरापलीकडं लेकीच्या गल्लीच्या टोकाला लावलीय, भिंतीकडं तोंड करून. इंजिन एक नंबर."

"मग आणली का नाही?"

"मागं जायला होत नाही," मी म्हणालो, "एवढंच."